राष्ट्रीय उद्यानातील बर्फावर स्नोकायटिंग : परवानगी कोणाची घ्यावी आणि तिथे कसे वागावे?

भुईकोट (सोलापूर)

नमस्कार मंडळी. मी सोलापूरची. नोकरीच्या निमित्ताने दोन हिवाळे नॉर्वेत काढले आणि तिथे हाउगास्तोलजवळच्या एका गोठलेल्या तळ्यावर स्नोकायटिंग शिकले. ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पायांत स्की किंवा स्नोबोर्ड असतो, कमरेला हार्नेस असतो आणि त्याला वीस-पंचवीस मीटर लांबीच्या दोऱ्यांनी आठ ते बारा चौरस मीटरचा कापडी पतंग जोडलेला असतो. ओढण्याचे सारे काम वारा करतो. ही कल्पना मुळात जुनी आहे. फ्रित्याॅफ नान्सेन या नॉर्वेजियन शोधकाने १८८८ मध्ये ग्रीनलंडचे हिमपठार ओलांडताना आपल्या घसरगाड्यांना शीड बांधले होते, आणि नॉर्वेचेच ध्रुवप्रवासी बोर्गे औसलंड यांनी १९९६-९७ मध्ये ६४ दिवसांत एकट्याने अंटार्क्टिका पार केला तेव्हाही शिडाचीच मदत घेतली होती.

सोलापुरात परत आल्यावर आम्हा चौघांचा एक गट जमला. बर्फ नसल्यामुळे गेले दोन उन्हाळे, एप्रिल-मे महिन्यांत उजनीचे पाणी मागे सरते तेव्हा उघड्या पडणाऱ्या सपाट तळावर, आम्ही चाकांच्या फळीवर उभे राहून पतंगाचा सराव करत आहोत. येत्या फेब्रुवारीत प्रत्यक्ष बर्फावर जावे असा विचार आहे. लडाखमधील हेमिस राष्ट्रीय उद्यान, चांगथांगमधील त्सो कार हे गोठणारे सरोवर आणि स्पितीतील पिन व्हॅली राष्ट्रीय उद्यान ही तीन नावे सध्या डोळ्यांसमोर आहेत.

प्रवासाची व्यवस्था करणाऱ्या एका गृहस्थांना परवानगीबद्दल विचारले, तेव्हा त्यांनी सांगितले की, "तुमच्याकडे जीप नाही, बंदूक नाही, इंजिनाचा आवाज नाही, बर्फावर कोण अडवणार आहे?" हे उत्तर ऐकून मला हायसे वाटायला हवे होते, परंतु तसे झाले नाही. त्याला कारण आहे. संक्रांतीनंतरच्या आठवड्यात कंबर तलावाच्या काठावर एका बाभळीला नायलॉनच्या मांजाने उलटा लटकलेला गायबगळा मी स्वतः पाहिला. मांजा पायाच्या हाडापर्यंत रुतला होता, आणि नखे कापायच्या कात्रीने तो एकेक पदर तोडत असताना त्या पक्ष्याचे काळीज माझ्या तळहाताखाली इतके जोरात धडधडत होते की माझाच हात थरथरू लागला. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१७ मध्येच या मांजावर देशभर बंदी घातली आहे, तरी तो झाडांवर दिसतोच. आकाशात दोरी ताणणारा माणूस मीही आहे, ही जाणीव तेव्हापासून मला सोडत नाही.

म्हणून विचारते. आपल्याकडील राष्ट्रीय उद्यानांत अशा खेळाला कायद्याने वाव आहे का? परवानगी नेमकी कोणाकडे मागायची? आणि परवानगी मिळालीच, तर तिथल्या प्राण्यांना त्रास होऊ नये म्हणून नेमके कसे वागावे? "जबाबदारीने वागा" एवढे सर्वच जण सांगतात. मला त्यापुढचे, प्रत्यक्ष बर्फावर उभे राहिल्यावर उपयोगी पडेल असे काही हवे आहे.

गवताळ (सोलापूर)

ताई, मी वन विभागातून निवृत्त झालो असून नोकरीतील बराच काळ नान्नजच्या माळढोक अभयारण्यात काढला आहे. हिमालयात काम केलेले नाही, त्यामुळे बर्फाबद्दल बोलण्याचा माझा अधिकार नाही. कायदा मात्र नान्नजला आणि हेमिसला एकच आहे. २०१९ पर्यंत लडाखला जम्मू-काश्मीर राज्याचा १९७८ चा स्वतंत्र वन्यजीव कायदा लागू होता. त्या वर्षीच्या पुनर्रचनेनंतर तिथे केंद्राचा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ लागू झाला.

त्या गृहस्थांनी आपल्याला दिलेला सल्ला चुकीचा आहे, कारण त्यांनी प्रश्नच उलटा धरला आहे. अमुक गोष्ट करू नये असे कुठे लिहिले आहे का, हे ते शोधत आहेत. अधिनियमाची रचना मात्र प्रवेशापासूनच सुरू होते. कलम २७ प्रमाणे अभयारण्यात प्रवेश कोणाला, हे ठरलेले आहे: कर्तव्यावरील लोकसेवक, आतील स्थावर मालमत्तेवर हक्क असलेले लोक, सार्वजनिक महामार्गाने जाणारे प्रवासी, या सर्वांवर अवलंबून असणारी माणसे, आणि मुख्य वन्यजीव रक्षकाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याने ज्यांना परवानगी दिली आहे असे लोक. कलम २८ मध्ये ही परवानगी कोणत्या हेतूंसाठी देता येते ते सांगितले आहे. वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, शास्त्रीय संशोधन, पर्यटन आणि आतील रहिवाशांशी कायदेशीर व्यवहार, एवढेच ते हेतू आहेत. राष्ट्रीय उद्यान कलम ३५ खाली घोषित होते आणि त्याच कलमाच्या आठव्या उपकलमाने वरील दोन्ही कलमे राष्ट्रीय उद्यानालाही लागू केली आहेत.

स्नोकायटिंग हा शब्द या अधिनियमात कुठेही नाही. आपल्याला पर्यटनाच्या सदरात अर्ज करता येईल, परंतु परवाना अटींसह मिळतो, आणि पायी हिंडण्यासाठी मिळालेल्या परवान्यावर पतंग उघडणे म्हणजे त्या अटींच्या बाहेर जाणे होय. शिवाय कलम २७ मध्येच वन्य प्राण्याला डिवचण्यास किंवा छळण्यास आणि आत कचरा टाकण्यास स्पष्ट मनाई आहे. प्राणी उठून पळाला, तर आपला हेतू काय होता हे कोणी विचारत बसणार नाही, आणि माझ्या मते विचारूही नये.

त्सो कार हे राष्ट्रीय उद्यान नाही म्हणून मोकळे आहे, अशी समजूत करून घेऊ नका. तो भाग चांगथांग शीत वाळवंट अभयारण्याच्या परिसरातला असून २०२० पासून त्सो कार हे रामसर करारातले, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाचे, पाणथळ क्षेत्रही आहे. काळ्या मानेचे क्रौंच तिथे उन्हाळ्यात येतात. फेब्रुवारीत ते नसले तरी कियांग, म्हणजे तिथली रानगाढवे, त्याच परिसरात उरल्यासुरल्या गवतावर हिवाळा काढत असतात. सीमावर्ती प्रदेश असल्यामुळे वन्यजीव विभागाबरोबरच जिल्हा प्रशासनालाही लेखी कळवावे, असा माझा आग्रह राहील. आकाशात अचानक दिसणाऱ्या रंगीत कापडाचा अर्थ तिथले जवान काय लावतील, हा विचार आधी केलेला बरा.

आता नान्नजची एक गोष्ट सांगतो, कारण आपल्या प्रश्नाचा गाभा मला तिथे दिसतो. जुलैचे दिवस होते, माळावर गवत नुकतेच गुडघ्याएवढे झाले होते. माळढोकाचा एक नर रोज पहाटे एकाच उंचवट्यावर येऊन, गळ्याची पांढरी पिशवी फुगवून, शेपटी पाठीवर उलटवून मादीला साद घालत असे. आम्ही मचाणावरून पाहत होतो. एका सकाळी हद्दीबाहेरच्या शेतातून कोणीतरी ड्रोन उडवले. ते नरापासून बरेच दूर होते, आवाजही आमच्यापर्यंत जेमतेम येत होता. परंतु त्या पक्ष्याने मान वाकडी करून एक डोळा आकाशाकडे लावला, पिशवी हळूहळू आत गेली, तो अंग चोरून गवतात खाली बसला आणि नंतर चालत निघून गेला. पुढचे चार दिवस तो त्या उंचवट्यावर आला नाही. माळढोकाची मादी सहसा एकच अंडे घालते. अशा पक्ष्याच्या विणीच्या हंगामातले चार दिवस म्हणजे काय, हे मी त्या ड्रोनवाल्या मुलाला समजावून सांगितले, तेव्हा तो खरोखर ओशाळला. तो वाईट मुलगा नव्हता. जमिनीवरून येणाऱ्या माणसाला प्राणी एका मापाने मोजतो आणि वरून येणाऱ्या वस्तूला दुसऱ्या, एवढेच त्याला ठाऊक नव्हते.

अर्ज करायचा झाल्यास, किती माणसे, किती पतंग, पतंगाचे क्षेत्रफळ, दोरीची लांबी, कोणत्या तारखांना आणि नकाशावर नेमक्या कोणत्या तुकड्यात, हे सर्व लिहा. अर्ज लेहच्या वन्यजीव रक्षकांच्या कार्यालयाकडे निदान दोन-तीन महिने आधी गेला पाहिजे. नकार आला तर त्यावर वाद न घालता तो मान्य करा, कारण पलीकडचा अधिकारी ज्या प्राण्यांच्या वतीने नकार देत असतो त्यांना अर्ज करता येत नाही.

ओस्लोकर

मी मूळचा सोलापूरच्या पूर्व भागातला, यंत्रमागाच्या खडखडाटात वाढलेला. गेली चौदा वर्षे नॉर्वेत आहे. हाउगास्तोलचे नाव वाचून राहवले नाही. गवताळ काकांनी कायद्याची बाजू नीट मांडली आहे, म्हणून मी बर्फावरच्या वागण्याबद्दल लिहितो.

आपण शिकलात त्या तळ्याच्या दक्षिणेला हार्डांगरविद्दा हे पठार पसरलेले आहे. १९८१ मध्ये तिथे राष्ट्रीय उद्यान झाले आणि सुमारे ३,४२२ चौरस किलोमीटर क्षेत्रामुळे ते नॉर्वेच्या मुख्य भूमीवरचे सर्वांत मोठे उद्यान आहे. युरोपातील रानटी रेनडिअरचा सर्वांत मोठा कळप याच पठारावर राहतो. नॉर्वेत रानावनात मुक्तपणे हिंडण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, हे खरे आहे. परंतु ज्या १९५७ च्या कायद्याने तो हक्क लिखित स्वरूपात दिला, त्याच कायद्यात हा संचार इतरांचा विचार ठेवून आणि योग्य ती काळजी घेऊन करावा, असेही म्हटले आहे. बाहेरून येणारे लोक पहिला भाग तेवढा लक्षात ठेवतात. संरक्षित क्षेत्रांचे स्वतःचे वेगळे नियम असतात आणि ते उद्यानागणिक बदलतात, म्हणून हद्द ओलांडण्यापूर्वी त्या उद्यानाचा चालू वर्षाचा नकाशा आणि नियम पाहिल्याशिवाय पतंग उघडू नये.

माझी चूक सांगतो. एका मार्च महिन्यात, उद्यानाच्या बाहेर पण हद्दीपासून फार दूर नाही अशा ठिकाणी, मी एकटा वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने परतत होतो. वाऱ्याविरुद्ध सरळ जाता येत नाही. डावीकडे लांब तिरकी रेघ, मग उजवीकडे लांब तिरकी रेघ, अशा नागमोडी वाटेने पुढे सरकावे लागते. एक उंचवटा ओलांडला आणि समोर उतारावर पन्नासएक रेनडिअर दिसले, खुरांनी बर्फ उकरून खालचे दगडफूल खात असलेले. (आपल्या काळ्या मसाल्यात पडते त्याच जातकुळीतले हे दगडफूल. त्यात पोषण थोडे, पण त्यांचा सारा हिवाळा त्यावरच निघतो.) त्यांची डोकी एकदम वर झाली. मी घाईने पतंग वळवला आणि दूर निघालो, योग्य तेच केले अशा समाधानात. परंतु पुढच्या तिरक्या रेघेने मी पुन्हा त्यांच्याच दिशेला आलो. ते आणखी वर धावले. तिसऱ्या खेपेला वाऱ्याने पतंगाची कड फडफडली, त्याचा आवाज चाबकासारखा गेला, आणि सगळा कळप धार ओलांडून दिसेनासा झाला. खाली उरले ते खुरांनी उकरलेले खड्डे, आणि कष्टाने उघडे केलेले पण न खाल्लेले दगडफूल. मी बराच वेळ त्या खड्ड्यांजवळ उभा होतो. त्या दिवसांत माद्या गाभण असतात, पाडसे मे महिन्यात होतात, आणि अंगावरची चरबी संपत आलेली असते. माझ्यामुळे त्या कळपाने जी धाव घेतली ती भरून काढायला त्यांना आणखी किती खड्डे उकरावे लागले असतील, हा हिशेब आजही मला करता येत नाही.

संध्याकाळी माझ्या शिक्षकाला हे सांगितले. तो शांतपणे म्हणाला की, प्राणी दिसल्यावर पतंग वळवायचा नसतो, तो खाली आणायचा असतो. ताबडतोब जमिनीवर उतरवायचा, बर्फाने दाबून ठेवायचा, स्वतः खाली बसायचे, आणि प्राणी पुन्हा खाऊ लागेपर्यंत किंवा आपल्या चालीने निघून जाईपर्यंत थांबायचे. मग पतंग गुंडाळून पाठीवर घ्यायचा आणि मोठा वळसा घालून पायी जायचे. यात दोन तास जातात. ते दोन तास दिवसाच्या आखणीत आधीच धरलेले असावेत, नाहीतर अंधार पडायच्या भीतीने माणूस पुन्हा पतंग उघडतो.

आपल्या इंजिन नसलेल्या खेळाचा त्रास पायी स्की करणाऱ्यापेक्षा जास्त का होतो, हेही मला त्या दिवशी समजले. स्की करणारा मळलेल्या वाटेने, ठरावीक वेगाने जातो आणि प्राण्याला तो बराच आधी दिसतो. आपण ताशी पन्नास किलोमीटरच्या पुढेही सहज जातो, उंचवट्याआडून अचानक प्रकटतो, नागमोडी जाताना सारा उतार झाडून काढतो, आणि आपल्या डोक्यावर गरुडाच्या कितीतरी पट मोठी आकृती हलत असते. टार्मिगन या पांढऱ्या रानकोंबडीसारखे पक्षी तर बर्फात बीळ करून त्यात दडून ऊब धरतात. ते वरून दिसतही नाहीत.

स्वित्झर्लंडने हा प्रश्न जागा वेगळ्या करून सोडवला आहे, आणि तो मार्ग मला पटतो. एंगादिन खोऱ्यात सिल्वाप्लानाच्या गोठलेल्या सरोवरावर स्नोकायटिंग मोकळेपणाने चालते. त्याच खोऱ्यात खालच्या बाजूला १९१४ मध्ये स्थापन झालेले, सुमारे १७० चौरस किलोमीटरचे स्विस राष्ट्रीय उद्यान आहे. तिथे उन्हाळ्यातही आखलेली वाट सोडता येत नाही, बांधलेला कुत्राही आत नेता येत नाही, आणि हिवाळ्यात माणसांना प्रवेशच नाही. सरोवरावर पतंग उडवणाऱ्या कोणालाही त्यात आपला अपमान झाला असे वाटत नाही.

लडाखबद्दल दोन व्यावहारिक गोष्टी. साडेचार हजार मीटर उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या साधारण ६० ते ६५ टक्के असते, त्यामुळे तोच वारा पतंगाला तितक्याच प्रमाणात कमी ओढतो. मोठा पतंग न्यावा लागेल, आणि मोठा पतंग झटकन खाली आणणे अवघड जाते. हेमिसच्या दऱ्या अरुंद आहेत, तिथे वारा भोवरे घेत येतो. खेळ म्हणूनही ती जागा योग्य नाही. दुसरे म्हणजे नॉर्वेत आपण वापरत असाल तसे उपग्रहावरून संदेश पाठवणारे उपकरण किंवा फोन भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय नेऊ नका.

पायवाट

चर्चा चांगली चालली आहे, तरीही एक शंका प्रामाणिकपणे मांडतो. मी हिवाळ्यात हेमिसमध्ये रुंबकला जाऊन आलो आहे. हिमबिबट्या दिसल्याची बातमी येताच दुर्बिणी आणि तोफेएवढी भिंगे घेतलेली तीस-चाळीस माणसे एकाच धारेवर गोळा झालेली मी पाहिली. त्यांना परवानगी आहे. त्यांच्या शेकोट्या, शौच, दिवसभराचा वावर हे सर्व चालते. मग वर्षातून आठ दिवस येणाऱ्या चार पतंगवाल्यांवरच एवढे निर्बंध का असावेत? घरी पाहुणे ठेवून चार पैसे मिळवणाऱ्या तिथल्या गावकऱ्यांना आणखी एका प्रकारचे पाहुणे मिळाले तर त्यात वाईट काय?

गवताळ (सोलापूर)

आपली तक्रार योग्य आहे आणि ती मी अजिबात खोडून काढणार नाही. हिमबिबट्याभोवती माणसांचा घोळका जमत असेल तर तो आवरला पाहिजे. जानेवारी ते मार्च हाच त्याचा जोडी जमवण्याचा काळ असतो. परंतु आधीच ताण असलेल्या जागी नवा ताण घालण्यास ही तक्रार आधार होऊ शकत नाही. उलट, भरल, म्हणजे हिमबिबट्याचे भक्ष्य असलेल्या रानमेंढ्या, ज्या उतारांवर हिवाळ्यात चरायला खाली येतात त्या उतारांवर माणसांची गर्दी आधीच आहे, म्हणूनच तिथे आकाश तरी मोकळे राहिले पाहिजे.

गावकऱ्यांचा मुद्दा महत्त्वाचा आहे. रुंबकच्या घरांमध्ये पाहुणे येतात ते हिमबिबट्या टिकून आहे म्हणून. पूर्वी गोठ्यातली मेंढरे मारणाऱ्या जनावराबद्दल तिथे राग होता, आणि आज तेच जनावर घराला उत्पन्न देते. नान्नजला आम्हाला हे नाते जुळवता आले नाही, ही माझ्या नोकरीतली सर्वांत मोठी खंत आहे. १९७९ मध्ये अभयारण्य झाले तेव्हा कागदावर त्याचे क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर होते. त्यात गावे, शेते, रस्ते सारेच आले, जमिनीच्या व्यवहारांवर बंधने आली, आणि माळढोक म्हणजे आपल्यावरचे संकट अशी भावना अनेक शेतकऱ्यांच्या मनात घर करून बसली. पुढे क्षेत्र बरेच कमी करण्यात आले, परंतु दुखावलेली मने आणि कमी झालेले पक्षी परत आले नाहीत. म्हणून ताईंना माझे सांगणे असे की, परवाना हातात असला तरी गावात पोहोचल्यावर तिथल्या जाणत्या माणसाला विचारूनच पाऊल उचला. कोणत्या उतारावर गुरे आहेत, कोणत्या तळ्याचा बर्फ कुठे पातळ आहे, हे कोणत्याही परवान्यावर लिहिलेले नसते.

टिटवी (टेंभुर्णी)

मी इथे फारसे लिहीत नाही, परंतु मूळ प्रश्नातील एका वाक्यापाशी अडखळले आणि सर्वांची उत्तरे वाचून झाल्यावरही कोणी त्याकडे वळलेले दिसले नाही, म्हणून लिहिते. भुईकोट ताई, आपण लिहिले आहे की एप्रिल-मे महिन्यांत उजनीच्या उघड्या पडलेल्या तळावर आपण सराव करता.

पाणी मागे सरले की तो सपाट, भेगाळलेला, खडेमिश्रित पट्टा आपल्याला रिकामा दिसतो. तो रिकामा नसतो. नदी सुरय, पाणभिंगरी आणि टिटवी हे पक्षी मार्च ते मे या काळात नेमक्या अशाच उघड्या जमिनीवर अंडी घालतात. घरटे असे काही नसतेच. जमिनीत बशीएवढा खळगा, फार तर भोवती चार खडे, आणि त्यात मातीच्याच रंगाची, तपकिरी ठिपक्यांची दोन ते चार अंडी. मी गेली अनेक वर्षे त्या काठाने फिरते आहे, तरीही दोन पावलांवरचे अंडे मला दिसत नाही. आधी पक्षी उठतो आणि मग मी जागच्या जागी थबकते.

ओस्लोकर दादांनी थंडीत धावणाऱ्या रेनडिअरबद्दल जे लिहिले, ते आपल्याकडे उन्हाला तंतोतंत लागू पडते. आपल्या भागात मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या पुढे जातो. त्या वेळी सुरय अंड्यांवर बसलेली असते ती ऊब देण्यासाठी नसते, सावली देण्यासाठी असते. मध्येच उडून ती पोटाची पिसे पाण्यात भिजवून येते आणि ती ओल अंड्यांना देते. एका दुपारी कोणाची तरी मोटारसायकल त्या पट्ट्यावरून गेल्यावर सगळी वसाहत हवेत उठली. मी लांबूनच पाहत होते. पक्षी डोक्यावर घिरट्या घालत ओरडत होते आणि खाली अंडी थेट उन्हात पडली होती. ती मोटारसायकल गेल्यावर पक्षी उतरले. आपल्या पतंगासारखी वस्तू तासन्तास हवेत राहिली, तर ते उतरणार नाहीत. त्यांच्या डोळ्यांना ती घार असेल, आणि घार आकाशात असताना कोणतीही सुरय खाली बसत नाही.

उजनीचा तो काठ राष्ट्रीय उद्यान नाही आणि तिथे आपल्याला कोणी परवाना विचारलेला नाही, हे मला माहीत आहे. आपल्याला दुखवावे म्हणून हे लिहिलेले नाही. ज्या बाईने कात्रीने बगळ्याच्या पायाचा मांजा सोडवला, तिला हे सांगितलेच पाहिजे, असे वाटले.

भुईकोट (सोलापूर)

टिटवी ताई, आपले उत्तर काल रात्री वाचले आणि ते वाचून झोप लागली नाही. मागच्या मे महिन्यात सराव करताना आमच्या डोक्यावर पक्षी सतत ओरडत फिरत होते, हे मला स्पष्ट आठवते. त्यांच्या आवाजाचे आम्ही मोबाइलवर चित्रण केले होते, आणि "किती सुंदर" असे म्हणतही होतो. ते चित्रण मी आज पुन्हा पाहिले. पक्षी वर आहेत, आम्ही खाली आहोत, आणि खालची जमीन चित्रात नीट दिसतही नाही.

उजनीवरचा सराव आम्ही बंद करत आहोत. नोव्हेंबरनंतर तिथे स्थलांतरित पक्षी असतात आणि उन्हाळ्यात वीण असते, तेव्हा पाण्याकाठी पतंगाला योग्य असा महिनाच उरत नाही. आमच्यातील एकाच्या काकांचे करमाळ्याकडे पडीक शेत आहे. भोवती विजेच्या तारा नाहीत ना आणि गवतात कोणाचे घरटे नाही ना, हे आधी पायी फिरून पाहू आणि मगच तिथे पतंग उघडू. होटगी रस्त्याकडची मोकळी जागा एकाने सुचवली होती, परंतु विमानतळाजवळ असे काही करणे योग्य नाही, म्हणून ती सोडून दिली.

हेमिस आणि पिन व्हॅली ही दोन्ही नावे आमच्या यादीतून गेली. हेमिसला जायचे झाले तर पतंग घरी ठेवून, रुंबकच्या एखाद्या घरी राहून, पायी जाऊ. त्सो कारसाठीही अर्ज करणार नाही, कारण जिथे कियांग हिवाळा काढतात तिथे आम्ही आठ दिवसांच्या हौसेसाठी परवानगी मागणे आता मलाच बरे वाटत नाही. स्पितीत संरक्षित क्षेत्राच्या बाहेर, गावाच्या शेतांवर बर्फ साचतो अशी एखादी जागा मिळते का, हे तिथल्या पंचायतीला आणि वन विभागाला पत्र लिहून विचारणार आहे. पत्राचा मसुदा तयार झाला की इथे टाकते. गवताळ काकांनी तो तपासून द्यावा, ही विनंती. प्राणी दिसताच पतंग खाली, हा नियम चौघांनाही पाठ व्हावा म्हणून करमाळ्याच्या शेतात आम्ही आधी तेवढाच सराव करू. कोणीही अचानक हाक मारायची आणि दहा सेकंदांच्या आत पतंग जमिनीवर दाबलेला हवा.

ओस्लोकर दादा, एक प्रश्न राहिला. आमच्या पतंगाच्या दोऱ्या कुजत नाहीत. बर्फात तुकडा तुटून पडला तर पांढऱ्यावर पांढरा दिसतही नाही. तुम्ही काय करता?

ओस्लोकर

दोऱ्या रंगीत घ्या. प्रत्येक दोरीची लांबी सकाळी आणि संध्याकाळी मोजा, आणि संध्याकाळी वीतभर जरी कमी भरली तरी त्याच दिवशी आपल्या मागावरून परत जाऊन तो तुकडा शोधा. दुसऱ्या दिवशी वाऱ्याने बर्फ सरकलेला असतो आणि मग तो वसंतात, बर्फ वितळल्यावर, एखाद्या पाडसाच्या पायाला सापडतो. घासून चरे पडलेली दोरी आणखी एक दिवस वापरण्याचा मोह टाळा.

टिटवी (टेंभुर्णी)

भुईकोट ताई, तुमचे उत्तर वाचून फार बरे वाटले. मार्चच्या शेवटच्या रविवारी आम्ही तिघी-चौघी त्या काठावरील घरट्यांची नोंद करायला जातो. सकाळी सहाला पोहोचून नऊच्या आत, ऊन तापायच्या आधी, परत फिरतो. तुम्ही ज्या पट्ट्यावर सराव केलात तो नकाशावर दाखवाल का? गेल्या वर्षी तिथली जागा पक्ष्यांनी सोडली होती, आणि त्याचे कारण आम्हाला कळले नव्हते. या वर्षी ते परततात का ते तुमच्यासोबतच पाहू. दुर्बीण माझ्याकडे जास्तीची आहे; टोपी आणि पाणी मात्र आपापले आणावे.